पाचट, पराटी, पराली

फेब्रुवारी सरत आला की यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी उरकते. बोंडं संपलेली, पानं झडलेली काळपट झुडपं तेवढी उभी राहतात. विदर्भात त्यांना पराटी म्हणतात. ती उपटायची तर मजूर लागतात, रोटाव्हेटर फिरवायचा तर डिझेल लागतं, आणि एवढं करून हातात पैसा काही येत नाही. थोडी पराटी चुलीसाठी घरी जाते, थोडी कुंपणाला लागते. उरलेल्या पराटीचे धुऱ्यावर ढीग लावून ते पेटवले जातात. तिन्हीसांजेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे ढीग धुमसत असतात. त्याच वेळी चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि मौद्याच्या वीज केंद्रांकडे कोळशाच्या वाघिणी निघालेल्या असतात.

महाराष्ट्रात कापूस साधारण ४० लाख हेक्टरांवर होतो. हेक्टरी दोन-अडीच टन वाळकी पराटी धरली तर वर्षाकाठी ८० लाख ते १ कोटी टन होते. चांगल्या वाळलेल्या एका किलो पराटीत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. आपल्या वीज केंद्रांत जळणाऱ्या, राख जास्त असलेल्या देशी कोळशाच्या तुलनेत ती फार कमी नाही.

देशाचा हिशेब अर्थातच याहून मोठा आहे. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो. चारा, सरपण, छपरं, कारखान्यांचा कच्चा माल असे उपयोग वजा जाता शेतीतले सुमारे २३ कोटी टन अवशेष शिल्लक राहतात. त्यांतून २८ हजार मेगावॉट आणि साखर कारखान्यांच्या बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चिपाडातून, आणखी १४ हजार मेगावॉट वीजक्षमता उभी राहू शकते, असं मंत्रालय सांगतं. आज उभी आहे ती सुमारे ११ हजार मेगावॉट, आणि तिच्यातला मोठा वाटा साखर कारखान्यांचा आहे. उसाखेरीजच्या पिकांची ऊर्जा अजून बहुतेक शेतातच संपते.

याच काळात सौरऊर्जा कुठल्या कुठे गेली. जानेवारी २०२५ मध्ये तिने देशात एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला आणि लिलावातले तिचे दर युनिटमागे अडीच-तीन रुपयांवर आले. मग पराटी, उसाचं पाचट आणि भाताचा पेंढा गोळा करण्याचा खटाटोप कशासाठी? एक कारण सूर्य मावळल्यावर समजतं. ऊन साठवायला बॅटरी लागते. पराटीची गंजी नीट झाकून ठेवली तर फेब्रुवारीतलं इंधन दिवाळीतही जळतं. दुसरं कारण असं की अक्षय ऊर्जेच्या सगळ्या स्रोतांत हा एकच असा आहे, ज्यापासून वीज, वाफ, वायू, द्रवरूप इंधन आणि कोळसा असं सगळं तयार करता येतं.

गव्हाणीपासून ग्रिडपर्यंत

जैवभारापासून मोठ्या प्रमाणावर वीज करता येते, हे भारतात साखर कारखान्यांनी सिद्ध केलं. पश्चिम महाराष्ट्रात दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात, मग गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो. एक टन ऊस गाळला की साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस मागे उरतो. त्याच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं, तरी तो कारखान्याचा रस आटवण्यापुरती वाफ देऊन शिल्लक राहतो.

गंमत अशी की एके काळी बगॅस शिल्लक राहणं हीच डोकेदुखी होती. ढीग साठला की त्याला आग लागण्याची भीती, जागेची अडचण. त्यामुळे कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो सढळ हाताने जाळून टाकला जाई. काटकसर करण्याचं कारणच नव्हतं. जास्तीची वीज ग्रिडला विकता येऊ लागली, तेव्हा गणित पालटलं. पूर्वीच्या २१ किंवा ३२ किलो दाबाच्या जागी दर चौरस सेंटिमीटरला ६७, ८७, पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर आले. आधी टर्बाइन फिरवायचं आणि त्यातून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवायचा, अशी ही सहवीजनिर्मिती. तेवढ्याच बगॅसमधून, तेवढीच साखर काढून, वर विकण्याजोगी वीज हाती येऊ लागली. चांगल्या संचात एक टन उसामागे शंभर युनिटच्या आसपास वीज होते आणि कारखान्याची गरज भागून बरीचशी बाहेर जाते.

हे जमलं त्यामागे बॉयलरइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट होती. बगॅस गोळा करावा लागत नाही. कोयता, बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रॉली, वजनकाटा हा सगळा खर्च साखरेच्या खाती पडतो. इंधन आपसूक कारखान्याच्या आवारात येतं, आणि तेही दर तासाला ठरलेल्या मापाने.

त्या यशाच्या मर्यादाही तिथेच आहेत. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. हंगाम संपला आणि बगॅस सरला की कोट्यवधी रुपयांचं टर्बाइन थंड पडतं. स्वस्त सौर विजेपुढे जास्त दराचे नवे करार मिळवणं अवघड होतं. शिवाय ही वीज वाढवायची म्हणून ऊस वाढवावा, असं पाण्याची ओढ पाहिलेल्या महाराष्ट्रात कोणीही शहाणा माणूस सुचवणार नाही. वाढ व्हायची असेल तर ती उसाबाहेरच्या पिकांत शोधावी लागते, आणि तिथे गोळा करण्याचा सगळा भार इंधनावरच येऊन पडतो.

वीस दिवसांचा खेळ

हा भार किती जड आहे, ते पंजाबात दिसतं. तिथे भाताचा पेंढा, म्हणजे पराली, वर्षाला सुमारे २ कोटी टन निघते. भूजल वाचावं म्हणून २००९ च्या कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली गेली. त्यामुळे कापणीही पुढे सरकली आणि भात कापून गहू पेरेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. कंबाइन हार्वेस्टर दाणे काढून घेतं आणि पेंढा शेतभर पसरून जातं. काडी ओढली की शेत एका दुपारी मोकळं होतं. तो धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो आणि दर नोव्हेंबरला देशभर बातमी होतो.

त्याच पेंढ्यावर वीज करण्याचा प्रयत्न पंजाबने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता. फतेहगढ साहिब जिल्ह्यातल्या जलखेडी इथे १० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. पण पेंढा हे इंधन म्हणून हट्टी असतं. लाकडात राख शेकडा एकच्या आसपास, भाताच्या पेंढ्यात पंधरा ते वीस. त्या राखेत सिलिका असते आणि पोटॅश व क्लोरीनमुळे ती कमी तापमानालाच मऊ होऊन बॉयलरच्या नळ्यांना चिकटते, त्यांना गंज चढवते.

त्यापुढचा प्रश्न ढिगाचा. जैवभाराच्या केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण सव्वा ते दीड किलो इंधन लागतं. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ चालणाऱ्या १० मेगावॉटच्या केंद्राला ८० हजार ते १ लाख टन माल हवा. तो सगळा वीस दिवसांत शेतातून उचलायचा, गठ्ठे बांधायचे, वाहून आणायचे आणि पुढचे अकरा महिने पावसापासून आणि आगीपासून सांभाळायचे. सुटा पेंढा इतका हलका की ट्रक भरतो, पण वजन होत नाही. भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. म्हणून शेताच्या बांधावरच बेलर यंत्राने घट्ट गठ्ठे बांधणं हा या उद्योगाचा पाया ठरतो. बेलर महाग असतं आणि वर्षातले थोडेच दिवस चालतं.

यात एक बाब कागदावरच्या प्रकल्प अहवालांत हमखास सुटते. जोवर गिऱ्हाईक नाही तोवर पेंढा फुकट असतो. केंद्र उभं राहिलं की त्याला भाव येतो, मग वीटभट्टीवाला, पुठ्ठा कारखाना, दुसरं केंद्र असे सगळे त्याच पंचक्रोशीत उतरतात. विजेचा दर मात्र वीस वर्षांसाठी आधीच ठरलेला असतो. देशात जैवभारावरची अनेक स्वतंत्र वीज केंद्रं आजारी पडली, त्यांत इंधनाच्या या चढत्या भावाचा मोठा हात होता.

कोळशाच्या भट्टीत शेतातली कांडी

नवं केंद्र उभारण्यापेक्षा असलेल्या औष्णिक केंद्रातच कोळशाबरोबर थोडा जैवभार जाळावा, हा त्यावरचा मार्ग. एनटीपीसीने उत्तर प्रदेशातल्या दादरी केंद्रात हा प्रयोग आधी करून पाहिला. पुढे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ‘समर्थ’ मोहीम सुरू केली आणि औष्णिक केंद्रांना २०२४-२५ पासून ५ टक्के, २०२५-२६ पासून ७ टक्के जैवभार मिसळण्याचं बंधन घातलं.

त्यासाठी अवशेष दळून, दाबून त्यांच्या बोटाएवढ्या कांड्या, म्हणजे पेलेट करतात. त्याआधी हवा तोडून मंद आचेवर भाजून घेतले तर अवशेषांचा चिवट तंतू ठिसूळ होतो, पाणी धरत नाही आणि कोळशाच्या गिरणीत कोळशासारखा दळला जातो. भाजणीच्या धान्याला जे होतं, जवळपास तेच इथे घडतं.

आकडे पाहिले म्हणजे आवाका लक्षात येतो. भारतातली वीज केंद्रं वर्षाला ८० कोटी टनांहून जास्त कोळसा जाळतात. त्याच्या ५ टक्के म्हणजे ४ कोटी टन कांड्या. देशातल्या शिल्लक अवशेषांचा साधारण सहावा हिस्सा. माल आहे, बॉयलर तयार आहेत, गिऱ्हाईक कायद्याने बांधलेलं आहे. अडतं ते मधल्या साखळीत. कांडी कारखान्यांची क्षमता, त्यांना मिळणारं कर्ज, वर्षभराचा साठा आणि शेतकऱ्याला वेळेवर मिळणारा पैसा यांतलं एक जरी ढिलं पडलं तरी वरचं बंधन कागदावर राहतं.

विदर्भासाठी हा मार्ग विशेष सोयीचा आहे, कारण पराटीचं शिवार आणि कोळशाची केंद्रं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पराटी शेतातून लवकर निघण्यात कापूस उत्पादकाचा स्वतःचा फायदाही आहे. हंगाम संपल्यावर उभ्या पराटीत आणि तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते. म्हणून फरदड, म्हणजे हंगामानंतर त्याच झुडपांवरचं पीक, न घेता पराटी वेळेत काढून टाका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगत असतो. काढलेल्या पराटीला भाव मिळाला तर तो सल्ला वेगळ्याने पटवावा लागणार नाही.

वायू आणि द्रव

जैवभार जाळणं हा त्याच्या उपयोगाचा सगळ्यात सरळ मार्ग. पण सगळ्यात किफायतशीर तोच असेल असं नाही. कुजवून वायू केला तर तीच काडी आयात इंधनाची जागा घेते. भारत आपल्या गरजेचा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू परदेशातून आणतो. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा अंश काढून टाकला की ९० टक्क्यांहून अधिक मिथेन असलेला वायू उरतो. तो दाबून भरला की सीएनजीच्या पंपावर चालतो.

या कल्पनेची मुळं मुंबईत सापडतात. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू वापरात आणला गेला होता. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या डोमाचा गोबरगॅस खेडोपाडी नेला. त्या गोठ्याजवळच्या टाकीचं आजचं औद्योगिक रूप पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा इथे उभं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला सुमारे ३३ टन वायू तयार करण्याच्या क्षमतेचा आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंदूरमध्ये ५५० टन ओल्या कचऱ्यापासून १७ टन वायू देणारा प्रकल्प सुरू झाला. इंदूरचा धडा असा की घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा येत असेल तरच अशी टाकी नीट चालते.

सरकारची उडी मोठी होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना जाहीर झाली तेव्हा पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन वायू हे लक्ष्य होतं, तेही २०२३-२४ पर्यंत. २०२५ उजाडलं तेव्हा चालू प्रकल्पांची संख्या शंभरीच्या आसपास होती. लक्ष्य आणि प्रत्यक्ष यांतलं हे अंतर फार मोठं आहे आणि त्याकडे डोळेझाक करून पुढचे आकडे मांडण्यात अर्थ नाही. आता शहरी वायू कंपन्यांवर मिसळणीचं बंधन आलं आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग वाढत जाऊन २०२८-२९ मध्ये ५ टक्के. हुकमी खरेदीदार हा या धंद्यातला सगळ्यात दुर्मीळ घटक होता, तो यामुळे मिळतो. टाकीतून वायूच्या कितीतरी पट खत बाहेर पडतं. त्यालाही बाजार लागतो, म्हणून केंद्राने २०२३ मध्ये त्यावर टनामागे दीड हजार रुपयांचं साहाय्य जाहीर केलं.

महाराष्ट्रात या वायूचा कच्चा माल साखर कारखान्यांच्या आवारातच पडलेला आहे. रस गाळताना उरणारी मळी (प्रेसमड) उसाच्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के असते, आणि तीही बगॅससारखी गोळा करावी न लागता मिळते.

द्रव इंधनाची कथा वेगाने पुढे गेली. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं, जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांना पोहोचलं. पण हे इथेनॉल मुख्यतः ऊस, मका, तांदूळ यांपासून येतं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी झाल्याने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक निर्बंध आणले, तेव्हा अन्न आणि इंधन एकाच शेतातून घेण्यातला ताण कारखान्यांना चांगलाच जाणवला. तो टाळायचा तर काडीपासूनच इथेनॉल व्हायला हवं. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला, तो याचसाठी. सुमारे ९०० कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल देण्यासाठी उभारला आहे. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. काडीतल्या सेल्युलोजची साखर करणं हे मोलॅसिसपासून मद्यार्क काढण्याइतकं सोपं नाही, म्हणून असे प्रकल्प अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

फलटणचा तालुका

एवढ्या सगळ्या गुंत्यात एक जुना विचार पुन्हा वाचण्याजोगा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकातच मांडलं होतं की, ऊर्जेचं नियोजन तालुक्याच्या पातळीवर करावं. गाव फार लहान पडतं, जिल्हा फार मोठा. तालुक्यातले अवशेष तालुक्यातच वीज आणि इंधन होऊन वापरले जावेत. त्या संस्थेने उसाचं पाचट आणि बगॅस यांवर चालणारी वायुजनित्रं (गॅसिफायर) तयार करून पाहिली, गोड ज्वारीपासून इथेनॉल काढलं. आज हा विचार भावनेपेक्षा वाहतुकीच्या हिशेबावर पटतो. सुटा जैवभार पन्नास किलोमीटरच्या पलीकडे नेला की डिझेल आणि भाडं नफा खाऊन टाकतं. निसर्गाने या इंधनाला घातलेली कक्षा साधारण तालुक्याएवढीच आहे.

पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने याहून लहान माप निवडलं. शेतातच पिंपाच्या भट्टीत पाचट कोळसवायचं, त्या भुकटीत खळ मिसळून कांड्या करायच्या आणि विकायच्या. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला, तर खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये दुसऱ्यांदा. ज्या वस्तूची वाहतूक परवडत नाही तिचा कोळसा शेतातच करून वजन आणि आकार घटवायचा, ही त्यामागची युक्ती मोठ्या उद्योगालाही उपयोगी आहे.

चुलीची आठवण या लेखात टाळता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबं ५८.६ टक्के निघाली. उरलेल्या घरांत लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पराटीच जळते. देशातला जैवभाराचा एक मोठा वापर आजही हाच आहे, आणि त्याचा धूर बायकांच्या फुप्फुसांत जातो. एखाद्या घरची पराटी वीज केंद्राला गेली आणि त्या घरी सिलिंडर भरायला पैसे नसले, तर राष्ट्रीय आकडेवारी सुधारेल आणि सरपणासाठी त्या बाईची पायपीट वाढेल.

मातीचा वाटा

मातीचाही हक्क आहे. महाराष्ट्राच्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब घटतो आहे, म्हणून पाचट जाळू नका, सरीत पसरा, कुजवा, असं कृषीतज्ज्ञ सांगतात. आणि ते योग्यच आहे. हेक्टरी दहा टनांच्या आसपास निघणारं पाचट सगळंच बॉयलरकडे नेलं तर पुढच्या उसाला रासायनिक खताची मात्रा वाढवावी लागेल. पराटीची गोष्ट थोडी निराळी. ती लाकडासारखी, कुजायला वेळ घेणारी, वर बोंडअळीला आसरा देणारी. भाताचा पेंढा वायूच्या टाकीतून गेला तर त्यातला नत्र-पालाश खताच्या रूपाने परत येतो. बॉयलरमध्ये गेला तर नत्र हवेत जातो. कोणता अवशेष कुठे जावा याचं उत्तर पिकागणिक बदलतं.

परदेशातला इशाराही जवळ ठेवावा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं ड्रॅक्स वीज केंद्र कोळशावरून लाकडाच्या कांड्यांवर आणलं गेलं आणि त्या कांड्या मोठ्या प्रमाणात अमेरिका आणि कॅनडातल्या जंगलांतून जहाजाने येतात. झाड पुन्हा वाढून कार्बन शोषायला काही दशकं घेतं, म्हणून त्या विजेला स्वच्छ म्हणावं का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. भारताचा जैवभार एका हंगामात उगवून वाळणाऱ्या पिकाचा आहे, ही आपली जमेची बाजू. मागणी अवशेषांपलीकडे जाऊन झाडांवर येणार नाही, याची काळजी धोरणाने घ्यावी लागेल.

मग एकूण वाव किती? २३ कोटी टन शिल्लक अवशेष उष्णतेच्या मापाने साधारण २० कोटी टन देशी कोळशाइतके भरतात. २०२४-२५ मध्ये देशाने १०४ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. म्हणजे शेतातली झाडून सारी शिल्लक काडी उचलली तरी ती कोळशाचा पाचवा हिस्सा. मातीचा वाटा सोडून, जे उचलणं परवडतं तेवढंच धरलं तर दहाव्या हिश्शाच्या आसपास. जैवभार देशाच्या विजेचा कणा होणार नाही. पण दूध, कापड, औषध उद्योगांच्या बॉयलरमधली वाफ, शहरातल्या बसचा वायू, सूर्य गेल्यानंतरचे दोन-चार तास, गावातली स्वयंपाकघरं या जागा सौर पटलांना सहज भरता येत नाहीत. हा दहावा हिस्सा तिथे गेला तर त्याचं मोल त्याच्या मेगावॉटपेक्षा बरंच जास्त ठरतं.

ते घडायचं की नाही हे बरंचसं शेताच्या बांधावर ठरेल. विदर्भातला शेतकरी पराटी काढायला एकरी मजुरी मोजतो. गटाचं किंवा उत्पादक कंपनीचं कुट्टी यंत्र फेब्रुवारीत वेळेवर शिवारात आलं, त्याने पराटी काढून जागीच बारीक केली, ट्रॉली तालुक्याच्या काट्यावर गेली आणि वजनाची पावती हातात पडली, तर त्या शेतकऱ्याची मजुरी वाचते, बोंडअळीचा मुक्काम हलतो आणि चार पैसे खात्यात येतात. यंत्र मार्चअखेर आलं किंवा पैसे पुढच्या हंगामावर गेले, तर तो तोवर थांबणार नाही. मृगाच्या आधी त्याला रान तयार हवं असतं आणि काडेपेटी खिशातच असते.